फोटो का फाटतो?

फ्लेक्स छापणाऱ्या पोरानं माऊस थांबवला आणि विचारलं, "सर, हा डाग काढू का?"

पडद्यावर आमच्या तालुक्यातली एक जुनी बारव होती. जत्रेच्या मंडपात तिचा दोन फूट रुंदीचा फोटो लावायचा होता. ड्रोन शंभर मीटरवर नेऊन, कॅमेरा थेट खाली वळवून मी तो काढला होता. मोबाईलवर तो इतका छान दिसत होता, की दोन दिवस मी भेटेल त्याला दाखवत सुटलो होतो. चौकोनी काठ, चारी बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, मधोमध हिरवट पाण्याचा तुकडा. दुकानातल्या पडद्यावर मात्र त्या पायऱ्या ओल्या साबणाच्या वड्यांसारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या. पोर म्हणालं, "फोटो फाटतोय."

आणि तो डाग म्हणजे माझ्या चपला होत्या. बारवेतल्या देवकोष्ठात गणपती आहे. त्याच्याकडे उतरताना त्या मी वरच्या पायरीवर काढल्या होत्या, आणि नंतर अनवाणीच ड्रोन उडवला होता. हे त्याला सांगायची लाज वाटली. "काढ," म्हटलं.

घरी येऊन वही-पेन घेतलं. कॅमेऱ्याला शिव्या घालण्यात अर्थ नव्हता. माझा ड्रोन म्हणजे 2016 साली बाजारात आलेला फँटम 4 प्रो. त्याचा सेन्सर एक इंची म्हणतात तसा, 2 कोटी पिक्सेलचा. हे 'एक इंची' नाव फसवं आहे, तो सेन्सर प्रत्यक्षात 13.2 मिलिमीटर रुंद आणि 8.8 मिलिमीटर उंच असतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या मापाची नावं सेन्सरला चिकटली आणि राहिली. आता या ड्रोनच्या भिंगाचं नाभीय अंतरही 8.8 मिलिमीटरच आहे, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. ड्रोन जितका वर, तितकीच लांब आणि त्याच्या दीडपट रुंद जमीन फोटोत येते. शंभर मीटरवरून 150 बाय 100 मीटर, म्हणजे 15,000 चौरस मीटर. त्यात आमची बारव 20 बाय 20 मीटरची, म्हणजे 400. बाकीच्या जागेत होत्या बाभळी, कुणाचा तरी ऊस, एक ट्रॅक्टर आणि भरपूर पडीक. 2 कोटी पिक्सेलांपैकी बारवेच्या वाट्याला आले जेमतेम सव्वापाच लाख. वीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं मी अर्ध्या मेगापिक्सेलचा फोटो काढला होता.

धरणाचं पाणी पाटानं सुटतं तेव्हा शेवटच्या शेताला किती पोचतं, हे टेलच्या शेतकऱ्याला विचारावं. वाटेत कुठे पाट झिरपतो, कुठे कुणी मोटर टाकलेली असते, कुठे फरशीला भगदाड असतं. जमिनीवरचा बारकावाही असाच वाटेत गळत गळत मेमरी कार्डापर्यंत येतो. जाहिरातीतले मेगापिक्सेल म्हणजे धरणाचा साठा. ड्रोनवाल्यानं बघायची ती वाटेतली गळती, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं भगदाड म्हणजे उंची.

ड्रोन हातात आला की माणूस तो वर नेतो. मीही नेला. वर नेणं हीच त्याची गंमत वाटते. आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांनी हिरव्या क्षेत्रात 400 फुटांची, म्हणजे सुमारे 120 मीटरची मर्यादा घातली आहे, आणि पुष्कळ जण ती मर्यादा म्हणजे गाठायचं ठिकाण समजतात. पण शंभर मीटरवर माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवरची 2.7 सेंटीमीटर जागा झाकतो. 25 मीटरवर तोच पिक्सेल 7 मिलिमीटरवर येतो. फोटोत तेव्हा साडेसदतीस बाय 25 मीटर जमीन मावते, बारव तिच्यात नीट बसते, आणि तिच्या वाट्याला येतात 85 लाख पिक्सेल. उंची चौथाई केली की बारकावा सोळापट. हजारो रुपयांचा नवा कॅमेरा घेऊनही एवढा फरक पडत नाही.

खाली उतरण्याची किंमत आहे, ती लपवू नये. शंभर मीटरवरून बघताना काठ शंभरावर असतो आणि दहा मीटर खोल पाणी एकशेदहावर. फरक किरकोळ, म्हणून बारव नकाशासारखी सपाट दिसते. 25 मीटरवरून काठ पंचवीसवर आणि पाणी पस्तीसवर. तळ आकसतो, बारव नरसाळ्यासारखी खोल दिसते. मला तेच हवं होतं, विहीर खोल असते हे फोटोत कळावं. पण ज्याला आराखडा हवा त्याला हे चालणार नाही. त्यानं एक तर लांब नाभीय अंतराचं भिंग असलेला ड्रोन घ्यावा, किंवा खालूनच एकावर एक चढणारे ढीगभर फोटो काढून संगणकाला जोडायला द्यावेत. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागानं गावठाणांचे नकाशे ड्रोनच्या फोटोंवरून करायला घेतले, ते याच जोडकामाच्या बळावर. अशा कामात शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक ठेवतात. नुसतं रुंद दृश्य हवं असेल तर ड्रोन जागेवर ठेवून कॅमेराच फिरवायचा, तीसेक टक्के सामाईक भाग पुरतो.

खाली उतरताना आणखी एक. जुन्या विहिरींच्या कमानींना आणि गडांच्या कड्यांना आग्या मोहोळ असतं. ड्रोनचा आवाज त्यांना आवडत नाही. आधी दुर्बिणीनं, नाहीतर गावातल्या गुराख्याला विचारून खात्री करावी. मधमाश्या ड्रोनला चावत नाहीत, उडवणाऱ्याला आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरांना चावतात.

हवेतून फोटो काढणाऱ्या पहिल्या माणसालाही गळतीनंच छळलं होतं, आणि तीही खरीखुरी गळती होती. पॅरिसचा छायाचित्रकार नादार 1858 साली दोरानं बांधलेल्या फुग्यात बसून वर गेला. ओल्या काचेवर रसायन पसरून ती वाळायच्या आत फोटो काढायचा आणि धुवायचा, असा तो काळ. त्यामुळे पाळण्यातच काळ्या कापडाची अंधारखोली. पण दर वेळी काचा काळ्या पडून खाली यायच्या. त्यानं रसायनं बदलली, भांडी बदलली, काही फरक पडेना. शेवटी कारण सापडलं. फुग्याच्या तोंडातून निसटणारा वायू काचेवरच्या चांदीच्या क्षारांना बिघडवत होता. तोंड बंद ठेवून तो वर गेला तेव्हा कुठे प्रतिमा उमटली, एका खेड्यातली मोजकी घरं, सुमारे 80 मीटरवरून. ती काच आज उरलेली नाही. टिकून राहिलेला सगळ्यांत जुना हवाई फोटो दोन वर्षांनंतरचा, 1860 सालचा, जेम्स वॉलेस ब्लॅक यानं फुग्यातून टिपलेलं बॉस्टन शहर. नादारची पद्धत मला आवडते. भिंग वाईट आहे असं म्हणत तो बसला नाही, काय कुठून झिरपतंय ते शोधत राहिला.

माझ्या पहिल्या फोटोत उंचीशिवाय आणखी दोन ठिकाणी झिरपत होतं.

एक, अंगठा. ड्रोन पेटीतून काढला की आधी गिंबलचा, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेचा, अडकवलेला प्लॅस्टिकचा चिमटा सोडवायचा असतो. तो डाव्या हाताच्या अंगठ्यानं ओढताना अंगठ्याचं पोट भिंगावरून अलगद फिरतं. कळतही नाही. सकाळी भाकरी-चटणी खाल्लेली असेल तर विचारूच नका. भिंगावर उमटलेली ती पुसट रेघ उजेड विखुरते, काळ्या जागा राखाडी होतात, आणि फोटोवर पातळ धुकं बसल्यासारखं दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये तासभर झगडूनही ते जात नाही, चष्म्याच्या कापडानं चार सेकंदांत जातं. शर्टाच्या टोकानं पुसू नये, त्यात मुरमाचे कण असतात. आणि मुरमाच्या मोकळ्या रानातून थेट उड्डाण करू नये, पंखे खालची धूळ उडवून आधी भिंगालाच माखतात. मी गाडीतलं रबरी पायपुसणं उलटं करून अंथरतो.

दुसरी गळती जास्त बेरकी होती. आदल्या दिवशी मी बारवेचं चित्रण केलं होतं. चित्रण ओघवतं दिसावं म्हणून सेकंदाला 25 चौकटी असतील तर शटर 1/50 ठेवतात. कडक उन्हात एवढं सावकाश शटर ठेवायचं, तर उजेड अडवावा लागतो. म्हणून भिंगावर काळसर एनडी फिल्टर लावला होता आणि ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं छिद्र, पार बारीक करून एफ/11 वर नेलं होतं. दुसऱ्या दिवशी फोटो काढताना दोन्ही तसंच राहिलं. शंभर मीटरवर 1/50 नं फारसं बिघडलं नसतं. घात केला एफ/11 नं.

मोठ्या डीएसएलआरवर शिकलेली माणसं निसर्गदृश्याला हौसेनं एफ/11 ठेवतात, आणि तिथे ते चालतंही. पण उजेड बारीक छिद्रातून जाताना पसरतो. बिंदूचा बिंदू उमटत नाही, बारीक चकती उमटते, आणि छिद्र जितकं लहान तितकी चकती मोठी. हिरव्या उजेडासाठी एफ/11 ला ती सुमारे 15 मायक्रॉनची होते. डीएसएलआरचे पिक्सेल मोठे असतात, ते सोसतात. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल 2.4 मायक्रॉनचा, म्हणजे प्रत्येक बिंदू सहा पिक्सेल रुंद फासला गेला. आता पायरी साधारण 30 सेंटीमीटर रुंद धरली तर शंभर मीटरवरून ती अकरा पिक्सेलांत बसते. अकरा पिक्सेलांच्या पायरीला सहा पिक्सेलांचा बोळा फिरवल्यावर उरणार काय? साबणाच्या वड्या. एफ/4.5 ला तीच चकती 6 मायक्रॉनवर येते. सगळं उघडं, एफ/2.8 ठेवलं तर ती आणखी लहान होते, पण मग भिंगाच्या कडा मऊ पडतात. म्हणून एफ/4 ते 5.6 च्या पलीकडे मी आता जात नाही. शिवाय तेवढ्या छिद्राला आणि फिल्टर काढल्यावर उन्हात शटर आपसूक 1/1000 च्या आसपास येतं. लहान ड्रोनांत ॲपर्चर ठरलेलंच असतं, त्यांच्या मालकांना ही चूक करताच येत नाही.

शटरची मात्र खाली उतरल्यावर खरी गरज लागते. ड्रोन हवेत थांबलेला दिसतो, पण तो थांबलेला नसतो. वारा ढकलतो, तो सावरतो, परत ढकलला जातो. गिंबल कॅमेऱ्याचा कोन सांभाळतं, जागा सांभाळणं त्याच्या हातात नाही. वाऱ्यानं ड्रोन सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल, तर 1/50 सेकंदात तो एक सेंटीमीटर सरकतो. शंभर मीटरवर हे पिक्सेलच्या आतच मावतं. 25 मीटरवर दीड पिक्सेल होतो आणि कडा दुहेरी दिसते. 1/500 ला ते मिलिमीटरवर येतं, मग विसरून जा. चालत्या ड्रोनवरून काढायचा मोह तर टाळावाच. सेकंदाला 10 मीटर वेग आणि 1/100 शटर म्हणजे दहा सेंटीमीटरची रेघ, खालून तेच चौदा-पंधरा पिक्सेल. थांबायचं, मनात पाच आकडे मोजायचे, मग बटण. आणि एकच फोटो काढून कधीही परतू नये.

फोकसबद्दल थोडक्यात. एवढ्या आखूड भिंगाला सहा-सात मीटरच्या पलीकडचं सगळं एकाच वेळी स्पष्ट दिसतं, त्यामुळे काळजीचं कारण कमी. फक्त हाताच्या फोकसची पट्टी शेवटच्या टोकाला ढकलून 'अनंत झालं' असं समजू नये, ते टोक अनंताच्याही थोडं पुढे असतं. पडद्यावर पायरीच्या कडेला बोट लावून फोकस घ्यावा आणि मग तो हातानं कुलूपबंद करावा.

खरा रस आहे तो उजेडात. डोळ्याला 'शार्प' वाटतं म्हणजे नेमकं काय, तर उजळ आणि काळोखी यांच्यामधली कड किती झटकन बदलते ते. दगडाच्या पायरीला स्वतःची कड दाखवता येत नाही, ती सावली दाखवते. मी एकदा शून्य सावलीच्या दिवशी बारवेवर गेलो होतो. पुण्याच्या आसपास तो दिवस मेच्या मध्याला येतो. दुपारी सूर्य अगदी डोक्यावर, उजेड थेट तळच्या पाण्यापर्यंत, एरवी कधी न दिसणारे कोनाडे लख्ख. वाटलं, हाच फोटो. पण छापून बघितला तर पायऱ्या गायब. प्रत्येक पायरीच्या पोटात असायची ती काळी रेघच नव्हती, सगळा दगड एका रंगाचा. नोव्हेंबरात सकाळी साडेदहाला गेलो तेव्हा ऊन तिरकं होतं. छिन्नीचे घावसुद्धा उठून आले, मात्र पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची बाजू गडद सावलीत गेली. त्यावर उपाय सोपा आहे. कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो एका दमात काढायचे आणि नंतर एकत्र करायचे. जेपीजीत दर रंगाला 256 च छटा असतात, सावली उचलायला गेलं की चिखल होतो. रॉ फाइलमध्ये त्याच्या कित्येक पट छटा शिल्लक असतात. शिवाय जेपीजी करताना कॅमेरा दाणे पुसायला जातो आणि त्या भरात गवतही पुसून टाकतो. शेवाळ आणि दगड यांच्यातला फरक हवा असेल तर रॉ शिवाय गत्यंतर नाही.

सरळ खाली बघताना मधल्या पंचवीस मीटर हवेला काही किंमत नाही. तेच एका गडावरून दुसऱ्या गडाकडे बघताना मधे कित्येक किलोमीटर हवा असते, आणि तिथे भल्याभल्या कॅमेऱ्यांचं काही चालत नाही. पाऊस संपता संपता, धुतलेल्या हवेत, सह्याद्रीच्या मागच्या रांगाही कोरल्यासारख्या दिसतात. डिसेंबर-जानेवारीत पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट पेटलं की त्या निळसर पडद्याआड जातात. मेमधल्या दुपारी तापलेल्या कातळावरून हवा लवलवते, तिथे दोन मेगापिक्सेल काय आणि दोनशे काय. दूरच्या धूसर फोटोवर एक जुनी युक्ती अजून चालते. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, तांबडा कमी. फोटो कृष्णधवल करताना फक्त तांबडा भाग उचलला की कड्यांच्या रेषा पुढे येतात. विमानातून फोटो काढणारे जुने लोक भिंगावर पिवळा फिल्टर लावत ते यासाठीच.

आता नव्या ड्रोनांवर लिहिलेल्या 48 मेगापिक्सेलबद्दल. 2022 च्या मिनी 3 प्रो सारख्या ड्रोनच्या सेन्सरवर चार-चार शेजारी पिक्सेलांवर एकाच रंगाची काच असते. अंधारात चौघं मिळून एक होतात आणि 12 मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो देतात, उन्हात वेगवेगळे होऊन 48 चा. पण प्रत्येक पिक्सेल 1.2 मायक्रॉनचा, आणि एफ/1.7 ला उजेडाची चकतीच 2.3 मायक्रॉनची. म्हणजे चौपट पिक्सेलांतून चौपट बारकावा निघत नाही. भर उन्हात थोडा निघतो, तेव्हा वापरावा. संध्याकाळी 12 वर यावं आणि चार-पाच फोटो काढून त्यांची सरासरी घ्यावी. चार फोटोंनी दाणेदारपणा निम्मा होतो, सोळांनी पाव.

हल्ली अस्पष्ट फोटो एका बटणात टवटवीत करून देणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. लग्नाच्या फोटोला वापरायला माझी हरकत नाही. बारवेला वापरून बघितलं, तर देवकोष्ठाच्या झिजलेल्या चौकटीवर त्यानं सुबक वेलबुट्टी काढून दिली. ती तिथे नाही. उद्या कुणी अभ्यासक तो फोटो बघून लेख लिहायचा. मी कडांना हलकी धार लावतो, पाषाणाला पांढरी किनार दिसायला लागायच्या आत थांबतो, आणि तयार फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. पाटाचं शेवटचं भगदाड तिथे असतं. एवढी राखण करून आणलेलं पाणी तिथे एका टिचकीत जातं.

नोव्हेंबरात बारवेवर गेलो तेव्हा चपला त्याच पायरीवर, या वेळी मुद्दाम ठेवल्या. उत्खननात पुरातत्त्ववाले मोजपट्टी ठेवतात, तसं. पंचवीस मीटर, एफ/4.5, भिंग पुसलेलं. त्याच दुकानात, पण आता कागदावर, दोन फूट रुंद छापून घेतला. पूर्वी इंचाला 30 पिक्सेल येत होते, आता 120 च्या वर. पोरानं माऊस त्या पायरीवर नेला, मोठं करून बघितलं आणि या वेळी काही विचारलं नाही. चपलेचा अंगठाही दिसत होता.

घरी आईनं चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला. पाणी किती खाली गेलंय, पूर्वी कुठवर असायचं, ते बोटानं दाखवलं. मग बोट वरच्या पायरीवर थांबलं.

"ही डावी उलटी पडलीय," ती म्हणाली. "भांडणं होतात घरात. जाऊन सुलटी कर आधी."